तीन मिलिमीटर डावीकडे

युसूफभाई गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मी उत्तरात अंगठा पाठवला. तो पिवळा अंगठा असतो ना, झकास म्हणायचा, तोच. भाईंच्या मुलीने, नाझनीनने, सगळ्यांना मिळून इंग्रजीत एकच मेसेज टाकला होता. माझं शिक्षण चौथी नापास, तीसुद्धा दोनदा. इंग्रजी आलं की मी फक्त वरचं नाव बघतो आणि अंदाज बांधतो. भाई सुट्टीवर गावी रत्नागिरीला गेलेले, शनिवारी परत येणार होते, त्यांना आणायला एअरपोर्टवर मीच जाणार होतो. मला वाटलं फ्लाइटचा टाइम कळवलाय. दिला अंगठा. तेवढ्यावर थांबतो तो मी कसला… वर फोन केला आणि विचारलं, "टर्मिनल कुठलं गं?" मग ती म्हणाली, "अंकल, अब्बा इज नो मोअर." संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, चहा मागितला, आणि चहा बाहेर येईपर्यंत खलास. मी रस्त्याच्या कडेला पिकअप लावून बसलो. पहिल्यांदा आठवण आली ती त्या अंगठ्याचीच. आठवड्याने तिची माफी मागितली, तर रडतारडता हसायला लागली. म्हणाली, अब्बांना हे सांगायला मिळालं असतं तर महिनाभर तुम्हाला सोडलं नसतं. खरंय. महिना कसला, वर्ष काढलं असतं.

मी दुबईला आलो तो अल क्वोजच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून. युसूफभाई तिथले हेडमिस्त्री. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे, घराण्यात पिढ्यान् पिढ्या होड्या बांधायचं काम. त्यांच्या हातून कापलेली फळी बघितली की पट्टीलाच लाज वाटावी. आणि त्यांच्या हाताखाली मी! मी बनवलेलं पहिलं कपाट एका साहेबाच्या घरी लावलं, तर त्याचं दार आपोआप उघडायचं. बंद करा, परत उघडायचं. साहेबाची बायको म्हणाली घरात काहीतरी आहे. भाईंनी जाऊन बघितलं आणि सांगितलं, काही नाही मॅडम, पांड्या आहे. पांड्या म्हणजे मी. दुसऱ्या महिन्यात मालक मला परत पाठवायला निघाला. भाईंनी त्याला सांगितलं, ह्याला लाकूड देऊ नका, स्टिअरिंग द्या, रस्ते तरी सरकारने सरळ करून ठेवलेत. असा मी ड्रायव्हर झालो आणि आजपर्यंत त्यावर पोट भरतोय.

आता लाकडी माशांचं सांगतो. भाईंना मासेमारीचा भारी नाद. परवाना काढलेला होता, ते आधी सांगतो, नाहीतर कोणीतरी पत्र लिहील. एकदा त्यांनी फोनवर व्हिडिओ बघितला. कुठल्यातरी थंड देशातला एक म्हातारा घरामागच्या शेडमध्ये लाकडाचा मासा कोरत होता. पाण्यावर तरंगणारा, ओढला की वरच्यावर आवाज करत जाणारा. तिकडे मस्की नावाचा एक मासा असतो म्हणे, लांबलचक, सुसरीसारखं तोंड, आणि महाहट्टी. तो म्हातारा त्या मस्कीसाठी उभं आयुष्य असले मासे बनवत होता. भाईंनी तो व्हिडिओ मला इतक्यांदा दाखवला की मस्की माझ्या स्वप्नात यायला लागला. मी विचारलं, भाई, आपल्या समुद्रात मस्की आहे काय? म्हणाले, नाही. मग? म्हणाले, "मस्की नसला तरी त्याच्यासारखा गाढव कोणीतरी असेलच की."

दुकानात तसला एक लुअर, म्हणजे माशाला फसवायचा खोटा मासा, नव्वद दिरहमला होता, म्हणजे आजच्या भावाने आपले दोन हजारांच्या वर. भाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, दुकानदाराला परत दिला आणि त्याच आठवड्यापासून अल कुसैसच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कारखाना सुरू झाला. क्रेट तोडून उरलेलं पाइनचं लाकूड, ते कोरायचं, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचं, आरपार तार घालायची, पोटात भोक पाडून शिसं भरायचं, खाली तीन टोकांचे गळ लटकवायचे. रंगाला नाझनीनचं नेलपॉलिश. डोळ्यांना माझ्या बायकोच्या टिकल्या. ती कितीतरी दिवस म्हणत होती की टिकल्यांची पाकिटं जातात कुठे… मीपण तिच्याबरोबर शोधायचो. मग एकदा तिने भाईंच्या बाल्कनीत लाल टिकली लावलेले अकरा मासे ओळीने वाळत घातलेले बघितले. म्हणाली, हळदीकुंकू आहे काय?

बाल्कनीत पाण्याची मोठी निळी बादली असायची. तयार झालेला मासा भाई बादलीत सोडायचे, हातभर दोरीने झटके देत ओढायचे, आणि डोळे मिटून ऐकायचे. टुप… टुप… टुप. बघायचे नाहीत, नुसते ऐकायचे. म्हणायचे, खालच्या माशाला नेलपॉलिश थोडंच दिसतंय, त्याला कान असतात. मला सगळे टुप सारखेच वाटायचे. मीपण डोळे मिटून मान हलवायचो. एकदा भाभी, म्हणजे भाईंची बायको, चहा घेऊन आली आणि आम्हाला तसं बघून कपबशा घेऊन परत आत गेली.

पण मासा लागेना. खोरफक्कानच्या समुद्रकाठच्या दगडांवर आम्ही सुट्टीच्या प्रत्येक पहाटे उभे. सुट्टी तेव्हा शुक्रवारी असायची, पुढे काही वर्षांनी रविवारी गेली, माशांना दोन्ही दिवस सारखेच. भाईंचे लाकडी मासे पाण्यावरून असे सरळ यायचे की शाळेची प्रभातफेरी. एकाने तोंड लावलं नाही. भाभी दर वेळी दारात विचारायची, लाकूड घेऊन गेलात, लाकूडच घेऊन आलात? मी फेकायचो तेव्हा तर गळ माझ्याच टोपीत अडकायचा. एकदा शर्टाच्या मागे अडकला आणि मी तसाच पेट्रोल पंपावर कॉफी पिऊन आलो. पाठीवर टिकली लावलेला मासा, आणि मी सगळ्यांना सलाम करतोय.

मग तो दिवस आला. भाई चष्मा वर्कशॉपमध्ये विसरले होते. शेवटचं लाकूड उरलेलं, त्याच्या पोटाला भोक पाडायचं होतं. म्हणाले, पांड्या, बरोबर मधोमध आहे ती खूण, ड्रिल मार. मी मारलं. पोटात मारायचं ते बरगडीत गेलं. भाईंनी बोटाने चाचपलं आणि असा चेहरा केला की जणू कोणी मशिदीच्या दारात चपला चोरल्यात. पण दुसरं लाकूड नव्हतं, म्हणून शिसं भरलंच. बादलीत सोडला तर तो मासा एका अंगावर कलून लंगडत चालला. पायात काटा मोडल्यासारखा. मी म्हटलं, भाई, टाकून द्या. ते डोळे मिटून ऐकत होते. "थांब जरा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तोच लंगडा त्यांनी दगडांवरून फेकला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं… आणि एक क्वीनफिश, माझ्या हाताएवढा, चांदीच्या ताटासारखा चमकणारा, हवेत उभा राहिला. भाई ओरडले नाहीत. मी ओरडलो, आणि जाळी घेऊन धावताना पाण्यात पडलो. मासा त्यांनी काढला, मला शेजारच्या दोघा बांगलादेशींनी.

परतताना भाई गाडीत तो लंगडा लाकडी मासा बोटांनी चाचपत होते. मग म्हणाले, "पांड्या, दुखणाईत मासा बघून मोठा मासा येतो. माझा हात तीस वर्षांचा सरळ आहे, मला लंगडा करता येणार नाही. ते भोक तूच पाडायचं. तुझ्यासारखं वाकडं ह्या दुबईत कोणाला जमत नाही."

हसताय तुम्ही. पण मला त्या दिवशी काय झालं ते मलाच माहीत. शाळेने हाकललं, वर्कशॉपने हाकललं, ह्या दोन हातांना आयुष्यात कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. आणि अख्ख्या दुबईत एक काम असं निघालं, की जे फक्त माझ्या हातून होतं! तेव्हापासून दर सुट्टीच्या आदल्या दुपारी मी अल कुसैसला हजर. भाई मासा कोरून, घासून, पेन्सिलीने खूण करून ठेवायचे. मी ड्रिल धरायचो. ते मागे उभे. "हळू. घाई नाही. खुणेवर बघ, माझ्याकडे नको." मी जीव लावून खुणेवर बघायचो, कारण मला खात्री होती की मी कितीही जीव लावला तरी वाकडंच जाणार. आणि जायचंच. प्रत्येक मासा लंगडा. भाई पाठीवर थाप मारायचे, वा पांड्या. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज दोन पाडली, दोन्ही वाकडी. काम झालं की भाभीच्या हातचं सांदण आणि मटण. अशी सात वर्षं गेली.

गावी जायच्या दिवशी त्यांना एअरपोर्टवर मीच सोडलं. म्हणाले, बाल्कनीतल्या बिस्किटांच्या डब्यात सात मासे घासून ठेवलेत, खुणा केल्यात, मी येईपर्यंत हात लावू नको. मी म्हटलं, इन्शाल्ला, आलात की सातही बिघडवतो. जाताना मागे वळून त्यांनी हवेत ड्रिल धरल्यासारखा हात केला. तेवढंच.

गावी भाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभी सामान आवरायला आली. आता ती कायमची गावी राहणार, फ्लॅट सोडायचा. नाझनीन अबू धाबीहून आलेली. ती अल रीम आयलंडवर राहते, इमारतींचे नकाशे काढते, सुट्टीलाही लॅपटॉप उघडा. तिने तो डबा माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "अंकल, मम्मा जायच्या आधी वन लास्ट टाइम बादलीत एक बघायचाय. प्लीज."

मी म्हटलं, नको. भाई म्हणाले होते येईपर्यंत हात लावू नको. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मी घाबरलो होतो. वाटलं, भाई मागे उभे नाहीत, आणि नेमकं आज सरळ गेलं तर? सात मासे शिल्लक, त्यातला एक मी सरळ पाडून वाया घालवला तर? हे मी तिला बोलून दाखवलं. समजावून सांगितलं की बाई, खूण मधोमध असते, माझा हात वाकडा आहे म्हणून मासा लंगडतो, ही देणगी आहे, ती रोज येत नाही. तिने मान डोलावली. मग भाईंची स्टीलची छोटी पट्टी घेतली, एक मासा उचलला, मोजला. दुसरा मोजला. सातही मोजले.

"अंकल, हे मार्क्स सेंटरला नाहीत."

"म्हणजे?"

"थ्री मिलिमीटर लेफ्ट. ऑल सेव्हन. एक्झॅक्टली सेम."

मला कळेना. मी भाभीकडे बघितलं. ती भांडी कागदात गुंडाळत होती, वर न बघता म्हणाली, "मग काय? एवढा मिस्त्री माणूस, त्याला तीन मिलिमीटर कळत नव्हते? पहिल्या वेळचं काय ते तुमचं, पांडुभाऊ. पुढच्याच आठवड्यात त्याने एकट्याने लंगडा करून बादलीत सोडला, मला दाखवला. आणि म्हणाला, पांड्याला सांगू नको, तो यायचा बंद होईल."

मी तिथेच बादली उलटी करून बसलो. सात वर्षं… मी वाकडं पाडतोय म्हणून छाती काढून फिरत होतो, आणि पाडत होतो बरोब्बर खुणेवर. दर वेळी. म्हणजे माझा हात कधीचाच सरळ झाला होता, आणि सगळ्या दुबईत ते माहीत नसलेला एकटा मीच! भाईंनी मला सुतारकाम शिकवलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही, कारण कळलं असतं तर मी त्यातपण काहीतरी घोटाळा केला असता.

"आता तरी मारा," भाभी म्हणाली. "आणि माझी बादली सोडा."

मी ड्रिल धरलं. मागे नाझनीन उभी राहिली. मी खुणेवर बघितलं. एकच भोक, एका दमात. शिसं भरलं, ते बसेपर्यंत भाभीने शेवटचा चहा केला. मग बादली भरली. मी मधल्या वेळात घरी जाऊन बायकोकडून मागून आणलेल्या दोन टिकल्या लावल्या, सांगून आणलेल्या, आणि मासा पाण्यात सोडला. लंगडला. एका अंगावर कलून, पायात काटा मोडल्यासारखा…

त्या दिवशी सहा उरले. डबा आता माझ्याकडे आहे, बादलीसकट, भाभीने जाताना दिली. नाझनीन महिन्यातून एका सुट्टीला अबू धाबीहून येते आणि आम्ही डब्यातून एकच मासा काढतो, जास्त नाही. दोरी ती ओढते. मी डोळे मिटून ऐकतो आणि जाणकारासारखी मान हलवतो. परवा तिने विचारलं, "अंकल, नक्की काय ऐकायचं असतं?"

मी म्हटलं, घाई नाही. मलापण अजून कळलेलं नाही.

टुप… टुप…