गोबर गॅसचं विरजण

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेनं मला विज्ञान शिकवायला घेतलं. दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायचं होतं. माहेर आणि सासर दोन्ही धरून बी.एस्सी. झालेली मी पहिलीच. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून सरळ सांगते.

आमची वस्ती दिंडोरीच्या अलीकडे. नाशिकला जाणारी बस पावणेसातला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी नोकरीला नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, "जा की. पण सकाळच्या भाकरी थापून जायचं. मी म्हशीखाली बसू का चुलीपुढं?"

घरची माणसं आणि द्राक्षबागेतले मजूर मिळून वीस-बावीस भाकरी व्हायच्या. चुलीवर फुंकणीशी झगडत दोन तास जात. एवढं करून पावणेसातची बस मिळणं शक्य नव्हतं. म्हणून मी गोबर गॅसचा विषय काढला. शेण घरचं होतं, त्यामुळे सासरेही तयार झाले. गोठ्यामागे खड्डा झाला, विटांचं बांधकाम झालं, त्यावर लोखंडी टाकी उपडी बसली. मिस्त्री म्हणाला, "वीस दिवसांत टाकी वर उचलंल. पहिला गॅस हवेत सोडायचा, दुसरा पेटतो."

टाकी चार बोटं उचलली. पहिला गॅस सोडला. दुसऱ्याला काडी लावली तर ती फुस्स करून विझली. तिसऱ्यालाही तेच.

मग मी एकेक गोष्ट तपासत गेले. नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही, म्हणजे गळती नव्हती. नळी उतरवून आत साचलेलं पाणी काढलं. बर्नरची भोकं सुईनं साफ केली, हवेची खिडकी कमी-जास्त करून पाहिली. मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्यानं शेणाच्या राड्यात काठी घालून बघितली आणि पाणी जास्त होतंय म्हणाला. मी वही दाखवली. रोजचं शेण, रोजचं पाणी, समसमान, तारखेसह.

"मॅडम, वही पेटत नाय," तो म्हणाला.

सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. "टाकी वर येती, खाली जाती. करमणूक तरी होतीय," म्हणाले.

शाळा पंधरा दिवसांवर आली. आत्याबाईंनी चुलीसाठी सरपण फोडून ठेवायला सुरुवात केली. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

शेण कालवायला मी बागेतलं दोनशे लिटरचं पिंप घेतलं होतं. त्याच्या आत दर दहा लिटरला रंगाची रेघ होती, माप अचूक मिळायचं. घरातले बाकीचे जमिनीवरच हातानं शेण कालवायचे, ते मला पटत नव्हतं. एका सकाळी आत्याबाई त्या पिंपापाशी थांबल्या. आत वाकून बघत राहिल्या.

"न्हाणीजवळच्या पिपात अळ्या वळवळत्यात," त्या म्हणाल्या. "ह्याच्या तळाला महिना झाला पाणी ऱ्हातंय, पण एक अळी नाय. तू काय घालतीस ह्यात?"

"काही नाही. शेण आणि पाणी."

"अन् तुझा नवरा?"

नवरा त्याच पिंपात मोरचूद आणि चुन्याचं औषध कालवायचा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलींवर ते दिवसाआड मारलं जात होतं. फवारणी झाली की तळाशी वीतभर निळं पाणी उरायचं. ते टाकून कशाला द्यायचं, म्हणून मी वरून पाणी भरून त्यातच शेण घालत होते. मोरचुदानं बुरशी मरते हे मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. शेणातले जंतूच गॅस तयार करतात हेही मला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या, पण एकमेकींची ओळख झाली नव्हती.

मी लगेच कबूल केलं नाही. आधी पिंप दोनदा घासलं. तळ निळाच राहिला. मग आत्याबाईंना जाऊन सांगितलं.

"म्हंजी दूध नासलं," त्या म्हणाल्या. "आता दुसरं विरजण लावायचं. पलीकडच्या वस्तीवर चार वर्सं गॅस पेटतोय. त्यांच्या खड्ड्यातला राडा मागून आण."

"मामंजींना पाठवू?"

"कालवलं कोणी? तूच जा."

मी हातगाडीवर दुधाचे सहा कॅन घेऊन गेले. तिथल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं, कॅन भरून दिले आणि म्हणाली, "आमचं शेण तुमच्या शेणापेक्षा शिकलेलं हाय म्हणायचं." तिला हसायचा हक्क होता. मी दोन दिवसांत चार फेऱ्या केल्या. आमच्या खड्ड्यातला जवळजवळ सगळा राडा उपसून बांधाला टाकला, आणलेला आत ओतला आणि रोजचं शेण घमेल्यात हातानं कालवायला लागले.

शाळेच्या आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला काडी लावली. दारातून ऊन थेट शेगडीवर पडलं होतं. ज्योत दिसेना. मी कॉक बंद करायला हात पुढे केला. आत्याबाईंनी बर्नरवर तळवा धरला आणि झटकन मागे घेतला.

"पेटलाय," म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा भाकरी झाल्या. बारावी तव्यावर असताना ज्योत खाली बसली. टाकी रिकामी झाली होती, सव्वासहा वाजले होते. मी चुलीत काटक्या सारल्या. अट म्हणजे अट. आत्याबाई दुधाची बादली घेऊन आत आल्या, शेगडीकडे बघितलं, मग परातीतल्या पिठाकडे.

"ऊठ."

"दोन म्हशी राहिल्यात ना अजून?"

"म्हशींना बस गाठायची नाय."

मी हात धुतले. बस मिळाली. टाकी बावीस भाकरींना पुरायला पुढं महिना गेला. तोवर उरलेल्या भाकरी त्याच थापत होत्या. अटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.