पांढऱ्या कपाळाचा चिखल्या

सलूनवाल्या अण्णांच्या लक्षात माणसाचं नाव कधी राहत नाही, कपाळ बरोबर राहतं. "परवा ते आले होते ना, डावीकडून टक्कल पडत चाललेले," असं ते सांगणार आणि बायकोने ओळखायचं. बसथांब्याला लागून त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान. सुट्टी मिळाली रे मिळाली की गळ्यात दुर्बीण अडकवून स्वारी खाडीवर. हे वेड लावलं मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर म्हणजे अण्णांचं पहिलं गिऱ्हाईक आणि जिवाभावाचा एकुलता एक मित्र. त्यांची दाढी करता करता पक्ष्यांच्या गप्पा अशा रंगायच्या, की दुसऱ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक बिचारं तोंडाला फेस लावून ताटकळत बसायचं.

खाडीच्या चिखलात थंडीभर चिखल्या नावाचा मुठीएवढा पक्षी येतो. थंडीत सगळे सारखेच, मळकट करडे. परत जाण्याआधी मात्र नर नवी पिसं चढवतात. छाती तांबूस होते आणि कपाळ रंगतं. इथे येणाऱ्या उपप्रजातीचं कपाळ काळंकुट्ट होतं. लांबच्या किनाऱ्यांवर जाणारी दुसरी एक उपप्रजाती आहे, तिच्या कपाळावर पांढरे डाग राहतात. ती इथे कुणाच्या बापाने पाहिली नव्हती.

आणि एके दिवशी अण्णांना थव्यात दिसला तांबूस छातीचा, पांढऱ्या कपाळाचा नर! डावा पाय जरा ओढत चालणारा. झालं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! फोनवरच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला आणि दवंडी पिटली. अभिनंदनांचा नुसता पाऊस पडला.

दुपारी मास्तर दुकानात आले. "अण्णा, घाई केलीस. त्याची पिसं अजून पुरती बदललेली नाहीत. पांढरं गळून तिथे काळं यायचंय. थोडा थांब."

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. अण्णांचा पारा चढला. "मी पाहिला म्हणून खुपतंय तुम्हाला, मास्तर! तुम्ही पाहिला असता तर गावभर मिरवला असता."

जिभेला हाड नसतं हेच खरं. मास्तर "बरं" म्हणाले आणि निघून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

अण्णा वरवर "गेले उडत" म्हणायचे, पण दुकान त्यांना खायला उठायचं. बायको म्हणाली, "जाऊन माफी मागा की."

"चूक माझी असेल तर ना!" म्हणत अण्णा रोज सकाळी खाडी गाठायचे. त्या पक्ष्याचं कपाळ पांढरंच राहू दे, एवढंच त्यांचं मागणं. म्हणजे मास्तरांकडे ताठ मानेने जाता आलं असतं.

एका सकाळी कपाळाच्या कडेला काळा ठिपका दिसला. अण्णांनी दुर्बीण पुसली. मग चिखल लागला असेल अशी मनाची समजूत घातली. पण चिखल काही रोज वाढत नाही! काळं पसरत गेलं, आणि शेवटी तोच लंगडा पठ्ठ्या काळंभोर कपाळ मिरवत समोर उभा राहिला. अण्णांनी डोक्याला हात लावला. अख्खा जन्म केस उगवताना पाहण्यात गेला, दिवसातून दहादा गिऱ्हाइकांना सांगायचं की जरा वाढू द्या, मग बघू. आणि स्वतःला मात्र दम निघाला नाही!

ग्रुपवर 'मी चुकलो' असं लिहून टाकलं आणि अण्णा कात्री-कंगव्याची पिशवी घेऊन तडक मास्तरांच्या दारात गेले. मास्तरांचे केस कानांवर आले होते. ते दुसऱ्या कुणाकडे गेलेच नव्हते.

"मास्तर, कपाळ काळं झालं. पण त्याचं काही नाही. त्या दिवशी तुम्हाला वाटेल ते बोललो, त्याची लाज वाटते मला."

"काळं झालेलं पाहिलंय मी," मास्तर म्हणाले. "रोज खाडीवर यायचो. तू बांधावर असायचास, म्हणून मी पुलावर थांबायचो."

"मग जिंकलात की."

"कसला जिंकतोय! रोज मनात म्हणायचो, देवा, याचं खरं ठरू दे. माझं चुकलं असतं ना, तर त्याच दिवशी धावत तुझ्या दुकानात आलो असतो."

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी दारातलीच खुर्ची पुढे ओढली. "बसा आता," ते म्हणाले, "आणि मान खाली घाला, माझ्याकडे बघू नका."