मूतखडा आणि मातृभूमी

सैन्यातली माझी एकूण कारकीर्द अर्ध्या दिवसाची, आणि तीही लंगोटावर.

चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. मालवणात मिसरूड फुटलेला जो तो छाती फुगवून फिरत होता, त्यात मीही होतो. सावंतवाडीला भरती आहे असं कळलं आणि मी घरात जाहीर केलं, "मी मिल्ट्रीत जातंय!" आई चुलीत फुंकर घालत राहिली. बाबा मात्र ताठ झाले. (गलबतावर तांडेलकी करून ते मुळातच ताठ होते, आता पार डोलकाठी झाले.)

आणि भरतीला महिना उरला असताना मला मूतखडा झाला!

ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको, ज्यांना नाही त्यांना सांगून कळणार नाही. मी दारापुढच्या खळ्यात गडाबडा लोळलो. मग सकाळी कुळथाचं कढण, दुपारी कुळथाची पिठी, रात्री पुन्हा कढण, आणि मधल्या वेळात शहाळी. ती काढायला बाबा या वयात स्वतः माडावर चढायचे. अखेर एका सकाळी खडा पडला. बाबांनी तो धुतला, कापसात गुंडाळला आणि काड्यापेटीत ठेवला. दर्शनाला अख्खी वाडी लोटली!

"ह्योच काय?" शेजारची सावित्रीकाकी काड्यापेटीत डोकावून म्हणाली. "एवढोसो खडो, आणि बोंब केवढी मारलंस रे!"

पलीकडच्या घरातला इनास पूर्वी पलटणीत आचारी होता. त्याने मला बाजूला घेतलं. "मेडिकलात खड्याचा नाव काढू नको हां. ऐकल्यार डॉक्टर सरळ घरी धाडता." मी मान डोलावली. बाबांना मात्र हे सांगितलं नाही, कारण खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल व्हायचे. म्हटलं, ते तपासणीच्या कनातीबाहेरच तर बसणार!

भरतीच्या दिवशी बाबा शहाळ्यांचं पोतं घेऊनच एस.टी.त चढले. "पोटात काय उरला-सुरला आसात ता धुवान जायत," म्हणाले आणि मला पाजत सुटले. कुडाळ येईपर्यंत मी इतक्यांदा गाडी थांबवली की कंडक्टरने मला दाराशीच बसवलं.

मैदानावर कनातीआड आम्ही सगळे भावी वीर लंगोट लावून रांगेत उभे. डॉक्टरांनी जिथे हात लावायचा तिथे लावला आणि म्हणाले, "खोक."

"मला खोकला नाही साहेब!" मी ठणकावून सांगितलं. (छातीचा रोग असल्याचा संशय मी का येऊ द्यावा?)

"अरे, नाही म्हणूनच म्हणतोय, खोक!"

खोकलो. पास झालो. मग लघवीसाठी बाटली मिळाली. त्या बाबतीत माझी तयारी दांडगी, मी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती भरून दिली. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि कपाळाला आठी घातली.

"नळाचं पाणी भरलंस?"

"नाही साहेब, माझंच आहे."

"दुसरी भर. माझ्यासमोर."

भरली. तीही विहिरीच्या पाण्यासारखी नितळ! डॉक्टरांचा पारा चढला. "काय पिऊन आलायस? काहीतरी लपवतोयस तू. इथे लबाडी चालत नाही!"

'लबाडी' हा शब्द तेवढा कनातीबाहेर गेला. कनात वर झाली आणि टोपी सावरत बाबा आत आले.

"साहेब, माझा मुलगा लबाड नाय! शहाळ्याचं पाणी आहे ते. महिनाभर पाजतोय मी त्याला."

"महिनाभर? कशासाठी?"

मी डोळे मोठे केले, मान हलवली, ओठ दाबले. लंगोटावरचा माणूस याहून जास्त खाणाखुणा काय करणार? बाबांनी अभिमानाने खिशात हात घातला आणि काड्यापेटी उघडली.

"हा बघा. अख्खा पडला साहेब! पोरगा आता आतून चकाचक."

सगळी रांग माना उंचावून बघू लागली. डॉक्टरही बघत राहिले. मग ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "काका, मुलगा चांगला आहे तुमचा. पण एकदा खडा झाला की पुन्हा होऊ शकतो. वर बर्फात कळ आली तर याला खाली कोण आणणार?" आणि त्यांनी मला नापास केलं.

बाहेर येताच माझा तोल सुटला. "कित्याक दाखवलात तो खडो?"

बाबांनी काड्यापेटी मिटून खिशात ठेवली. "तो तुका लबाड म्हणी होतो," ते म्हणाले. "नोकरी गेली तर जावंदे. पण माझ्या झिलाक लबाड म्हणान कोणी परत धाडूचा नाय." माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मी त्यांच्या हातातलं पोतं घेतलं.

घरी आलो तर आई दारातच उभी. "घेतल्यानी नाय," बाबा पुटपुटले. मी आईची समजूत घालायला वाटेत छान शब्द जुळवून ठेवले होते. पण आईने भरतीबद्दल काहीच विचारलं नाही. तिने फक्त विचारलं, "जेवलंस काय रे झिला?"

झालं! छातीवर गोळ्या झेलायला निघालेला हा वीर पायरीवर बसून ढसाढसा रडला. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि पाटावर बसवून बांगड्याच्या झणझणीत तिकल्याबरोबर भात वाढला. मी रडत होतो आणि जेवत होतो, दोन्ही पोटभर.

सैन्याने मला खड्यासाठी नाकारलं ते बरंच झालं. नाहीतर छावणीत पहिल्याच रात्री 'जेवलास का?' असं कुणी विचारलं नाही म्हणून मी भोकाड पसरलं असतं, आणि त्या कारणासाठी घरी पाठवलेला देशातला पहिला जवान ठरलो असतो!