तेल त्यांचं, पोरगा कोणाचा?

गुहागरला दोन दिवस नुसतं लोळायचं ठरवून मी पुण्याहून निघाले. कुंभार्ली घाट ठीक आहे, चिपळूणजवळ मात्र खड्डे आणि धूळ. गुहागरात किनाऱ्यालगत घरगुती खोल्या स्वस्तात मिळतात. पण दुसऱ्याच सकाळी रत्नागिरीहून नसीमाचा, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. "इम्रानचं जहाज पकडलंय. येतेस?"

तवसाळला गाडी फेरीबोटीत घातली, जयगडला उतरले. तिथून रत्नागिरीपर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता फार सुंदर आहे म्हणतात. तुम्ही बघा, माझं लक्ष नव्हतं.

इम्रान नसीमाचा धाकटा भाऊ. एजंटने आखातातली नोकरी सांगून त्याला टँकरवर चढवलं. चढल्यावर कळलं, रशियाचं तेल न्यायचंय. युद्धामुळे त्या तेलावर निर्बंध, म्हणून असली जुनाट जहाजं खोट्या झेंड्यांखाली फिरवतात. युरोपजवळ एका नौदलाने ते अडवलं.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या नसीमाच्या घरी तिच्या अम्मीने तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण वाढलं. तेवढ्यात इम्रानचा फोन आला.

"प्यायचं पाणी मोजून देतायत," तो म्हणाला. "आधी रशियाची युद्धनौका सोबत होती. पकडल्यावर रशियावाल्यांनी हात वर केले. जहाज आमचं नाही म्हणतात."

"आनि तेल?" अब्बांनी विचारलं. त्यांचं आयुष्य बोटींवर गेलेलं.

"तेल आमचं म्हणतात."

अब्बा ताटावरून उठले. "तेल त्यांचा, मग पोरगा कोनाचा?"

कोणी घास उचलला नाही. नसीमा आणि मी तडक एजंटच्या ऑफिसात गेलो. एसी सुरू, समोर थंड सरबत.

"मॅडम, हा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विषय आहे."

"मग माझ्या भावाला त्यात का ढकललंत?" नसीमा ओरडली.

"सही त्यानेच केली ना?"

आम्ही तिथून उठलो. पोलिसांत तक्रार दिली, परराष्ट्र मंत्रालयाला मेल केले. परतताना घाटभर मी एकटीच गाडीत शिव्या देत होते. स्वतःच्या युद्धाचा खर्च भागवायला एवढा मोठा देश रत्नागिरीची पोरं वापरतो आणि वेळ आली की ओळखही दाखवत नाही!

पुण्यात माझ्या ऑफिसात कोणीतरी स्वस्त रशियन तेलाचं, आपल्या मुत्सद्देगिरीचं कौतुक करत होतं. मी एवढी भडकले, की जेवणाची खोली रिकामी झाली.

काल नसीमाचा मेसेज आला. तेलवाल्यांचं प्रकरण मिटलं. तेल दुसऱ्या टँकरमध्ये भरून पुढे रवाना झालं. जहाज बिनमाणसांचं ठेवता येत नाही, म्हणून बदली माणसं येईपर्यंत इम्रानने मात्र ते सोडायचं नाही.

बदली माणसं कधी येणार, ते कोणीच सांगत नाही.