दसरा काढताना धुतलेला दगड

पुण्यातली नोकरी सोडून मुलगी आखाडा बाळापूरला घरी आली, तेव्हा तिच्या कपड्यांपेक्षा काचेच्या टाकीचंच सामान जास्त होतं. खाऱ्या पाण्यातले दोन नारिंगी मासे आणि ओबडधोबड, जांभळट दगड. काय बिनसलं होतं ते तिने सांगितलं नाही. गप्पच असायची. फक्त संध्याकाळी टाकीपुढे बसली की आईशी बोलायची. हे दगड म्हणजे समुद्रातल्या पोवळ्यांचे जुने सांगाडे, आतून जाळीदार. त्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, आणि माशांच्या घाणीचं पाण्यात जे विष होतं ते पचवून टाकतात. म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात.

"दगड अन् जिवंत?" मी पेपराआडून हसलो.

"म्हसोबाला नारळ फोडता तवा इचारता का असं?" बायको म्हणाली. मुलगी खळखळून हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

नवरात्राआधी आमच्याकडे दसरा काढतात. गोधड्यांपासून डब्यांपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू धुऊन निघते. त्या दिवशी बायको गोधड्या घेऊन कालव्यावर गेली होती, मुलगी कामाने नांदेडला. दुसऱ्या दिवशी घट बसायचे म्हणून माझे भाऊ, भावजया येणार होत्या, आणि बैठकीत ती शेवाळलेल्या दगडांची टाकी. मला ते ओशाळवाणं वाटायचं. मी दगड काढले, उकळत्या पाण्यात बुडवले, काथ्याने खसखसून घासले आणि गच्चीवर उन्हात वाळवले. मुलगी यायच्या आत परत रचूनही ठेवले. तिला बरं वाटेल, असंही मला वाटत होतं. रात्री ती दमून आली आणि टाकीकडे न बघताच झोपली.

दुसऱ्या दिवशी, घट बसले त्या सकाळी, मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. एक कलंडलेला. मुलीने हात घालून दगड चाचपला.

"आई! तू दगड धुतले? दसरा काढायला माझी टाकीच सापडली काय गं?"

दसरा बायकांनी काढायचा असतो. माझं नाव तिच्या मनात आलंच नाही. बैठकीत माझे भाऊ बसलेले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी समई पुसत होतो, पुसतच राहिलो.

"तुलाच तर सगळं सांगत होते मी," मुलगी म्हणाली.

"चुकलंच बाई," बायको म्हणाली.

कलंडलेला मासा संध्याकाळी मेला. दुसरा तिने नव्या खारट पाण्याच्या बादलीत ठेवला. आईशी बोलणं मात्र तिने बंद केलं. आईने समोर ठेवलेली ताटली उचलून ती आतल्या खोलीत जायची. पाहुणे गेले. मी रोज ठरवायचो, आज सांगू; आणि चहा पिऊन बाहेर पडायचो. बायकोने मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग मुलीने पुण्याला परत जायचं ठरवलं. बायको तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होती आणि मधूनच पदराने डोळे पुसत होती. मी बादलीजवळ बसलेल्या मुलीपाशी गेलो.

"दगड मी धुतले होते."

तिने मान वर केली. "मंग आईनं काहून सांगितलं न्हाई?"

"पाहुणे होते."

"पाहुणे तर कवाच गेले, बाबा."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. कुटायचा आवाज थांबला. मग बायकोने हळूच विचारलं, "ह्यो एक तरी जगंल का गं?" मुलगी तिला सांगू लागली, की उकळलेल्या दगडात आता काही उरलं नाही, तरी त्याला पुन्हा जीव धरता येतो, पण महिने लागतात, आणि तोवर पाणी सारखं बदलावं लागतं.

"मंग तू जाऊन कसं चालंल?" बायको म्हणाली.

मी बादलीजवळच उभा होतो. आत जायला मला कुणी अडवलं नव्हतं.