तळव्यातली सुई

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. म्हणाले, "मी या नायलॉनच्या दोऱ्यानं पायाला स्पर्श करणार आहे. जिथं कळेल तिथं 'हो' म्हणा."

मी पाय पुढं करून, डोळे मिटून बसले. वर पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणीतरी नंबरावरून नर्सशी वाद घालत होतं. स्पर्श हलका असणार, तो चुकायला नको म्हणून मी श्वाससुद्धा रोखून धरला होता.

थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "उघडा डोळे. झालं."

मी म्हणाले, "पण तुम्ही सुरू कुठं केलं?"

आमचे मिस्टर दाराशी उभे होते, ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. मग डॉक्टरांनी माझे डोळे उघडे ठेवून तेच परत करून दाखवलं. टाचेवर, अंगठ्यावर, करंगळीवर त्यांनी दोरा टेकवला. दोरा दाबानं वाकताना मला दिसत होता. पाय माझाच होता, पण दुसऱ्या कुणाच्या पायाला हात लावतायत असं मी बघत होते.

"याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. पायाला काय झालं त्याचा निरोप मेंदूपर्यंत नेणं हे नसांचं काम. तुमच्या पायाचा निरोप आता वर पोचत नाही."

"परत येईल का?"

"गेलेली जाणीव परत येईलच असं सांगता येत नाही. साखर आटोक्यात आणून पुढचं नुकसान थांबवायचं. आणि पाय राखायचा."

'पाय राखायचा' हे शब्द मी मनात परत म्हणून बघितले. पाय जाऊ शकतो, असाच त्याचा अर्थ होता.

त्या वेळी माझ्या उजव्या तळव्यात मशीनच्या सुईचा तुकडा होता. तो किती दिवस तिथं होता, हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही.

मी ब्लाउज शिवते. कोल्हापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच माझं मशीन आहे. मिस्टर फौंड्रीतून निवृत्त झाले. मला डायबेटिस होऊन बरीच वर्षं झाली, गोळ्या चालू होत्या. त्या चालू आहेत म्हणजे आपलं ठीक चाललंय, असं मी धरून चालले होते.

माझं मशीन मोटारीचं आहे. खालचं पेडल मी कायम अनवाणी पायानं दाबत आले. चप्पल घातली की वेगाचा अंदाज येत नाही. गेल्या वर्षभरात ते मशीन मधेच उधळायला लागलं. मी हळू दाबायची आणि सुई सुसाट सुटायची. दोन गळे वाकडे गेले. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं सगळं खोलून बघितलं, स्वतः चालवून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, मशीन एकदम ओके हाय. मोटार बी चांगली हाय." मला वाटलं, याला नीट येत नाही. दुसऱ्याला बोलावलं. तोही तेच म्हणाला.

पाय सुस्त वाटायचे, तेही मी बसून राहण्यावर ढकललं. फरशीवर चालताना खाली गोधडी अंथरल्यासारखं वाटायचं. एकदा भाजी घेऊन येताना मागून एका बाईनं हाक मारली, "ओ मावशी, तुमची चप्पल मागं राहिली की." खाली बघितलं तर एक पाय अनवाणी. उन्हाचा डांबरी रस्ता, आणि मला पत्ता नव्हता. घरी येऊन मी ते हसत हसत सांगितलं. मिस्टरही हसले.

मग भीमजयंतीची घाई आली. आमच्या भागातल्या बायकांच्या पांढऱ्या साड्या, त्यांचे ब्लाउज. दिवसभर मशीन चालू. घाईत सुया तुटतात. तुटलेला तुकडा मी लोहचुंबक फिरवून शोधते. यातला एक कधी निसटला ते कळलं नाही.

जयंती झाल्यावर एका सकाळी मिस्टर हातात झाडू घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "ह्ये फरशीवर लाल ठिपकं कशाचं हायती?"

ठिपके मशीनपासून ओट्यापर्यंत आले होते आणि माझ्या पायाशी थांबले होते.

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाय उचलून बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं. बोटांच्या मुळाशी तळवा लाल, गरम, टम्म फुगलेला होता. मधे छोटं भोक होतं, त्यातून रक्त आणि पू येत होता. मी त्या पायानं पहाटेपासून सगळं घर आवरलं होतं. त्यांनी विचारलं, "कसं कळलं न्हाय तुला?"

एक्स-रेत सुई दिसली. काळ्या फोटोत पांढरी रेघ, हाडांच्या शेजारी. मी आयुष्यभर सुया हाताळल्या, पण अशी कधी बघितली नव्हती.

त्याच दिवशी ॲडमिट करून घेतलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, सलाईनमधून अँटिबायोटिक. एचबीएवनसी म्हणून रक्ताची एक तपासणी असते, त्यात मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर कळते. ती खूपच वाढलेली निघाली. दुसऱ्या दिवशी डिब्राइडमेंट केलं, म्हणजे सुई काढून आतलं मेलेलं आणि पू झालेलं मांस खरवडून काढलं. जखम शिवली नाही, उघडीच ठेवून रोज ड्रेसिंग करायचं ठरलं. पहिल्या ड्रेसिंगला मी पलंगाची कड घट्ट धरून ठेवली होती. काही दुखलं नाही. नर्स म्हणाली, "तुमचं बरं आहे." मला रडू आलं. ती गोंधळली.

शेजारच्या कॉटवर मलकापूरकडच्या एक मावशी होत्या. घरी म्हशी, दुधाचा धंदा. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं आधीच काढलेली होती. आवाज असा, की सगळ्या वॉर्डाला ऐकू जावा.

"तुमचं कशानं झालं?" मी विचारलं.

"गरम पाण्यानं. थंडीचं दिवस, पाय गार पडलं म्हणून घमेल्यात बुडवून बसलो. चांगलं वाटालतं. मग सून वरडत आली, म्हनली आत्या, पाण्यातनं वाफ याय लागल्या. पाय भाईर काढला तर कातडं सुटलं हुतं."

"आणि तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"न्हाय की. तुला तरी कुठं कळलं?"

त्यांनी चादर पायावर ओढून घेतली. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "आता तिसऱ्या बोटाचं काय म्हणत्यात बघू."

त्या वॉर्डात मला एक वाईट सवय लागली. कुणी स्ट्रेचरवरून आलं, की मी तोंड बघायची नाही. चादरीखाली दोन्ही पायांचे उंचवटे आहेत का ते बघायची. एका माणसाची चादर गुडघ्याच्या खाली सपाट होती. त्यानंतर मी डबा तसाच परत पाठवला.

आठवड्यानंतर जखमेतून परत घाण यायला लागली. डॉक्टर म्हणाले, "एमआरआय करू. हाडापर्यंत गेलंय का ते बघावं लागेल. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, म्हणजे हाडातला जंतुसंसर्ग. तसं निघालं तर अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागेल. आत्ताच सांगतोय, मनाची तयारी ठेवा."

रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी मिस्टर बाहेरच्या बाकावर बसून होते. भट्टीजवळ आयुष्य काढलेला माणूस, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. पण त्या दिवशी कुणीही डॉक्टर दिसला की ते उठून उभे राहायचे. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आज बोट, मग अर्धं पाऊल, मग घोटा. सुरुवात झाली की थांबणार कुठं?

डॉक्टर आले. खुर्ची ओढून कॉटशेजारी बसले. ते बसले तेव्हाच मी ओळखलं.

"हाडाला लागलंय. बोट आज काढलं तर बाकी पाय वाचायची चांगली आशा आहे. थांबलो तर ती कमी होत जाईल."

मिस्टर म्हणाले, "सायेब, नक्की वाचंल का पाय?"

"नक्की असा शब्द मी वापरत नाही. पण रक्तपुरवठा चांगला आहे, ही मोठी गोष्ट आहे. जखम भरायला रक्त लागतं, आणि ते यांच्या पायात पोचतंय."

त्या एका वाक्याला धरून मी ऑपरेशनला गेले. जाताना मलकापूरच्या मावशींनी कॉटवरून हात लांब केला. माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "जा बाई. माझी दोन गेल्याती, तरी मी जेवालोय न्हवं?"

बोट गेलं. ड्रेसिंग सोडलं तेव्हा मी मान फिरवली होती. डॉक्टर म्हणाले, "बघा. आजपासून पायाकडं बघणं हेच तुमचं औषध आहे. तुम्ही मान फिरवलीत तर सांगणारं दुसरं कोणी नाही, पाय तर सांगणारच नाही." मी बघितलं. एक रिकामी जागा, टाके आणि बाकीची चार बोटं. ती जणू कुणाची तरी वाट बघत होती.

घरी आल्यावरची भीती वेगळीच निघाली. दवाखान्यात निदान डॉक्टर होते. घरात मला फरशीचीच भीती वाटायला लागली. टाचणी असेल, खडा असेल, मुंगी चावेल. जखम भरत आली, चालायची परवानगी मिळाली, तरी मी दिवाणावरून पाय खाली टेकवेना. मशीनवर कापड टाकून ठेवलं. गिऱ्हाईक आलं तर मिस्टर सांगायचे, "अजून बरं न्हाय तिला."

एक दिवस त्यांनी एमसीआरच्या चपला आणल्या. एमसीआर म्हणजे मऊ, दाट रबर, त्यानं तळव्यावर एकाच जागी दाब येत नाही. ते खाली फरशीवर बसले आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घेतला.

"अहो, काय करताय? पाय काय लावायचा तुम्हाला?"

"गप बस. मोबाईलची बॅटरी लाव."

त्यांनी प्रकाशात बोटांच्या मधल्या फटी बघितल्या, टाच बघितली, तळव्यावरून हाताची पालथी बाजू फिरवली. कुठं गरम लागतंय का ते असं बघायला त्यांना नर्सनं शिकवलं होतं. चप्पल घालायच्या आधी उलटी करून आपटली, आत हात फिरवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण रक्ताचे ठिपके दिसले ती सकाळ सोडली तर त्यांनी माझ्या पायाला हात लावल्याचं मला आठवत नाही. लाजेनं माझा जीव अर्धा झाला.

मग ते रोजचंच झालं. हळूहळू मीच बसून बघायला लागले. जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायचा म्हणजे तळवा दिसतो. पाय धुवायचं पाणी आधी हाताच्या कोपरानं तपासायचं. पण कोपरालाही कमी कळत असेल तर? म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हात घालून बघायला सांगायचं. बोटांच्या फटी कोरड्या करायच्या. टाचेला क्रीम लावायची, फटीत नाही. ब्लेडनं कुरूप कापायचं नाही. घरातसुद्धा चपलेशिवाय चालायचं नाही, संडासापर्यंतसुद्धा नाही.

मशीनही सुरू केलं. पेडल आता पायानं कळत नाही, म्हणून मोटारीचा आवाज ऐकते. आवाज चढला की पाय उचलते. काम निम्मं होतं, पण गळे वाकडे जात नाहीत.

पावसाळ्यात मिस्टर गगनबावड्याला बहिणीकडं गेले होते. सकाळी मी एकटीच आरशावर पाय धरून बसले आणि टाचेच्या कडेला एक फोड दिसला. पाण्यानं भरलेला, शेंगदाण्याएवढा. आदल्या दिवशी तिथं काही नव्हतं. चपलेचा पट्टा घासला होता.

डोळ्यांसमोर सपाट चादर आली. आधी वाटलं, सुईनं फोडावा आणि पट्टी लावावी, कुणाला सांगूच नये. सुई हातापाशीच होती. दवाखान्यात गेले तर ते ॲडमिट करतील, मग एमआरआय, मग डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसतील. शेवटी मी सुई उचलून डबीत ठेवली. मग मिस्टरांना फोन लावला. पलीकडं पावसाचा नुसता धबधबा, त्यांना काही ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं, "फोड आलाय. मी डॉक्टरांकडं निघाले." फोड न फोडता वर स्वच्छ कापड गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली.

नंबर यायला दुपार झाली. डॉक्टरांनी बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. खुर्ची ओढतायत का, तेही बघत होते. ते उभेच राहिले.

"वरवरचा आहे," ते म्हणाले. "आत काही नाही. कधी दिसला?"

"आज सकाळी. काल नव्हता."

"म्हणजे रोज बघता."

"रोज."

"मग हा भरेल. पट्टा बदलून घ्या, टाचेवर भार देऊ नका, दोन दिवसांनी दाखवा." एवढंच बोलून त्यांनी ड्रेसिंग केलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या पायाला मुंग्या येत असतील, चप्पल सुटलेली कळत नसेल, तर माझं एवढं ऐका. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. आजच पाय उजेडात धरा. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणालाही धरायला सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. माझी भीती गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. पण आता ती मला दिवाणावर बसवून ठेवत नाही. सकाळी आरशापाशी नेते.

त्या दिवशी मी ड्रेसिंग करून बाहेर आले तर मिस्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. गगनबावड्याहून मिळेल त्या गाडीनं आलेले, छत्री तिकडंच राहिलेली, अंगावरनं पाणी निथळत होतं. माझ्या पायाकडं बघून त्यांनी विचारलं, "दुखालंय का?"

मी म्हणाले, "अहो, मला कुठलं दुखतंय?"

"ते म्हाईत हाय मला," ते म्हणाले आणि हात धरून मला पायरी उतरवायला लागले. "तरी बी मी इचारणार की."