दिव्य आहे अंग ज्याचे

चहा थोडा निवू द्या, पण हे आधी ऐका. हयात हरिनामात घालवलेल्या माणसाने भर मंडपात स्वतःची अशी फजिती करून घ्यावी, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

आमच्या गावच्या विठ्ठल संस्थानाचा मी अध्यक्ष. नवे भक्तनिवास बांधून झाले होते आणि खोल्यांची नोंदणी पाहायला माणूस हवा होता. ती सगळी धावपळ सचिव सुधाकररावांकडे. माझ्याकडे पूजा, प्रवचन आणि शेवटची सही.

आदल्या संध्याकाळी सुधाकररावांचा फोन आला. ते एसटीत होते, आवाज तुटत होता.

"बुवा, उद्या अकराले एक दिव्यांग येऊन राह्यले. मले चिखलीहून यायले उशीर झाला तर मानानं बसवून ठेवजा."

आणि फोन बंद.

दिव्यांग. तुम्ही हसाल, कारण तुम्हाला तो शब्द रोज भेटतो. मी वर्तमानपत्र सोडून जमाना झाला, आणि आमच्या काळी 'अपंग' म्हणत. शब्द कानी पडताच मी सवयीने समास सोडवला. दिव्य आहे अंग ज्याचे, तो. बहुव्रीही! अंगावर सर्रकन काटा आला. एवढा तेजःपुंज सत्पुरुष, आणि आमच्या गावी?

मग काय विचारता! सकाळी सभामंडपात उंच चौथऱ्यावर आसन मांडले, झेंडूचे हार आणवले, पाद्यपूजेची तयारी केली, भजनी मंडळाला टाळांसह उभे केले. सगळ्यांना मी 'सत्पुरुष येत आहेत' एवढेच सांगितले. तो मूळ शब्द एकदा जरी उच्चारला असता, तर कोणीही मला तिथेच थांबवले असते.

अकराच्या सुमारास फाटकातून एक तीनचाकी स्कूटर आत आली. तिच्यावर सलवार-कमीज घातलेली पंचविशीतली मुलगी. मी हबकलो. पण भगवंताने कोणत्या रूपात यावे, हे आपण कोण ठरवणार? ती कुबड्या टेकून उतरली, तेव्हा मनाशी म्हटले, देहाचे भोग संतांना तरी कुठे चुकले? मी हात उंचावला आणि टाळ कडाडले.

मुलीने गर्दीकडे पाहिले, मग मागे वळून पाहिले.

"इथं लग्न हाय का?" तिने विचारले. "मी वैशाली. मेहकरहून आली. मले अकराचा टाइम देला होता."

"वर आसन मांडले आहे, माउली. यावे."

"मी पायऱ्या चढत नाही, बुवा."

मला गहिवरून आले. लोकांकडे वळून मी म्हणालो, "ऐकलेत? यांना उंचीचा सोस नाही."

"सोस नाही म्हणून नाही. चढता येत नाही मले. इथं उतार पाह्यजे."

मी डोळे मिटले. "अहंकाराला उतार हवा, असे म्हणतात."

"सिमेंटचा," ती म्हणाली.

भजनी मंडळात कोणाला तरी ठसका लागला. मी मात्र सिमेंटचाही अर्थ लावू लागलो होतो. दृढ, अढळ, इत्यादी.

ती बिचारी खालच्या पायरीवर टेकली. मी गुडघ्यांवर बसून पाण्याचा तांब्या कलता केला.

"पाणी नका टाकू, बुवा. लोखंड हाय, गंजते."

पाहतो तर तिच्या पायांना कॅलिपरच्या पट्ट्या. माझा हात हवेतच राहिला. तेवढ्यात आमच्या शेजारच्या कौसाबाईंनी मध्येच डोके घातले.

"माय, माह्या सुनेले पोरगं होईन का?"

"डॉक्टरले विचारा, मावशी. मी आशीर्वाद द्यायले नाही, नोकरी मागायले आली."

त्याच क्षणी सुधाकरराव धापा टाकत मंडपात शिरले आणि जागीच थिजले.

"बुवा, हे काय करून राह्यले? मुलाखत सुरू केली का?"

"कोणाची?"

"यायचीच. भक्तनिवासाच्या नोकरीची. दिव्यांग उमेदवार येणार म्हणून फोनवर सांगितलं ना तुम्हाले."

'उमेदवार' हा शब्द तुटलेल्या आवाजात गेला होता. तांब्या माझ्या हातातून सुटला आणि पाद्यपूजा माझ्याच धोतराची झाली.

लाजेने मी पुरता अर्धा झालो. हात जोडून म्हणालो, "बाई, मुलाखत कशाला? नोकरी तुमचीच समजा."

मला वाटले, ती आनंदेल. तिचा चेहरा मात्र तांबडालाल झाला.

"नाही, बुवा. दोन जाग्यांवरून मले 'तुम्हाले कशाले त्रास' म्हणत वापस धाडलं. तुम्ही पाया पडून कामावर ठेवून राह्यले. मले काय येते, हे त्यायनंबी नाही विचारलं आन् तुम्हीबी नाही. बाकीच्या उमेदवारायले जे विचारसान तेच मले विचारा. नापास झाली तर घरी जाईन."

या आघातापुढे आधीचे सगळे धक्के किरकोळ होते. देवापुढे सारे सारखे, हे मी वर्षानुवर्षे त्याच उंच चौथऱ्यावर बसून सांगत आलो होतो.

मुलाखत तिथेच, खालच्या पायरीवर झाली. सुधाकररावांनी संगणकाचे विचारले, एकादशीच्या गर्दीचे विचारले. एका प्रश्नाला तिने सरळ "हे मले येत नाही, शिकावं लागन" म्हणून सांगितले. मीही एक प्रश्न टाकला.

"खोली शिल्लक नाही आणि कोणी हट्ट धरून बसला, तर काय कराल?"

"तुमच्याकडं धाडीन. तुम्ही कोणालेबी आसन देता."

मंडपात हशा उसळला. सुधाकररावांनी तर पाठच फिरवली. खांदे तेवढे हलताना दिसले.

पुढे इतर उमेदवार आले, त्यांनाही तेच प्रश्न विचारले, आणि निवड वैशालीचीच झाली. तिने अट घातली, आधी उतार, मग रुजू. उतार झाला, नोंदणीची खिडकीही खाली घेतली. आता तिचे काम उत्तम चालले आहे. अडचण एकच. त्या दिवसाची वार्ता पंचक्रोशीत पसरल्याने लोक तिच्या खिडकीशी नारळ घेऊन उभे राहत. कामाचा खोळंबा व्हायला लागला, तेव्हा तिने पाटी लावली: 'येथे फक्त खोल्या मिळतात. आशीर्वादासाठी अध्यक्षांना भेटावे.' खाली बाण, थेट माझ्या दाराकडे.

तेव्हापासून मी रोज सकाळी स्वच्छ धोतर नेसून, गंध लावून, डोळे अर्धवट मिटून दारात बसतो. काल पहिल्यांदा एक गृहस्थ नारळ घेऊन बाणाच्या दिशेने आले. मी आशीर्वादाला हात उचलला. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळले आणि विचारले,

"आजोबा, अध्यक्ष कुठं बसतात?"